कपाटाचा जमाखर्च

तुला नोकरी लागली, पुण्यात खोली मिळाली आणि त्या खोलीत तुझं एकटीचं कपाटही आलं. ते भरायला वेळ लागणार नाही. लक्ष्मी रोड हाकेच्या अंतरावर आहे, आणि फोनमधलं दुकान तर रात्री साडेअकरालाही शटर पाडत नाही. म्हणून कपाट भरायच्या आतच चार गोष्टी कानात घालून ठेवते. यातल्या निम्म्या तुझ्या आजीच्या, काही माझ्या सासूबाईंच्या, उरलेल्या बँकेच्या काउंटरवर लोकांचे पैसे मोजता मोजता कळलेल्या. सगळ्यांचं मूळ एकच आहे. कपडा विकत घेतला की त्याचा हिशेब सुरू होतो. तो अंगावर किती वेळा आला, त्यावर वरखर्च किती झाला आणि शेवटी तो कुठे गेला, हे कळल्याशिवाय स्वस्त-महाग ठरत नाही.

आधी कपाट मोज, मग पैसे

एका रविवारी सगळे कपडे पलंगावर काढ. धुवायला टाकलेले, इस्त्रीवाल्याकडे गेलेले, आईकडे राहिलेले, सगळे धर. मग प्रकाराप्रमाणे मोज: कुर्ते किती, जीन्स किती, ओढण्या किती, साड्या किती. काळ्या लेगिंग्ज किती निघतात ते बघच. बहुतेक मुलींना आपल्याकडे काय कमी आहे ते पाठ असतं. काय जास्त आहे हे पलंगावर दिसतं.

आत ठेवताना एक सोपी पद्धत धर. वापरून, धुऊन आलेला कपडा परत ठेवताना थप्पीच्या वर ठेवायचा. न वापरता खालचा उपसून वर आणायचा नाही. सहा महिन्यांनी थप्पीच्या तळाला जे दबून राहतं, ते तुझ्या अंगाला किंवा मनाला पटलेलं नाही. पुढची खरेदी करताना त्या तळाकडे बघ. रंग, गळा, कापड, यातलं काहीतरी एक तिथे पुन्हा पुन्हा सापडेल. तेच दुकानात गेल्यावर पुन्हा तुला भुरळ घालणार आहे.

वहीत पाच रकाने

घेतलेला प्रत्येक कपडा वहीत लिही. फोनमध्ये लिहिलंस तरी चालेल, पण लिही. यूपीआयची यादी पुरत नाही. पैसे कुणाला गेले ते ती सांगते, कशाचे गेले ते सांगत नाही. मॉलच्या बाराशेच्या बिलात सातशेचा टॉप असतो आणि बाकीची बादली-मग.

पहिल्या रकान्यात तारीख. दुसऱ्यात वस्तू, आणि ती कुणासाठी घेतली. तिसऱ्यात किंमत. चौथ्यात वरखर्च. पाचव्यात कारण. सहावी जागा कोरी सोड, तिचं काम पुढे सांगते.

चौथा रकाना बायका हमखास विसरतात. १,८०० रुपयांची साडी घेतली म्हणून आपण १,८०० लिहितो. पण फॉल-पिकोचे १५०, ब्लाउजच्या शिलाईचे ६०० आणि अस्तराचे १०० धरले, तर ती नेसायला तयार होईपर्यंत २,६५० ला पडलेली असते. ड्रायक्लीन, अल्टर, चेन बदलणं, पार्सलचा आकार, सगळं याच रकान्यात. ज्या कपड्याला दर वेळी ड्रायक्लीन लागतं, तो पगारी माणसासारखा दरमहा पैसे मागतो, हे वर्षाच्या शेवटी कळण्यापेक्षा घेताना कळलेलं बरं.

पाचव्या रकान्यात खरं कारण लिही. ‘जुनी फाटली’, ‘ऑफिसला हवी’, ‘लग्न’, ‘सेल होता’, ‘कंटाळा आला होता’. इथे कुणी परीक्षक नाही. तीन महिन्यांनी फक्त हा रकाना वरून खाली वाच. ‘सेल होता’ हे कारण दहातल्या पाच ओळींत दिसलं, तर तुझा खर्च गरजेनं होत नाही, दुकानदाराच्या पंचांगानं होतो.

ऑनलाइन मागवलेलं पेन्सिलीनं लिही. परत पाठवलंस तर पैसे खात्यात आल्यावर ओळ खोड. ‘परत केलं’ म्हणजे पैसे आले असं नसतं. हप्त्यावर काही घेतलंस तर पूर्ण रक्कम पहिल्याच दिवशी लिही, हप्ता नव्हे.

एका नेसण्याची किंमत

आता ती कोरी जागा. कपडा अंगावर आला की तिथे एक उभी रेघ ओढायची. चार रेघांवर पाचवी आडवी, दूधवाल्याच्या हिशेबात असते तशी. रोजच्या रोज जमलं नाही तर धुणं वाळत घालताना ओढ.

वर्षानं किंमत आणि वरखर्चाच्या बेरजेला रेघांनी भाग. ती २,६५० ची साडी तीनदा नेसलीस तर एक नेसणं ८८३ रुपयांना पडलं. ९०० चा सुती कुर्ता तीस वेळा घातलास तर ३० रुपयांना. १२,००० ची पैठणी आईनं आणि तू मिळून चाळीस वेळा नेसलीत तर ३०० रुपयांना. बघ, महाग कोण ठरलं? भारी साडी म्हणून जी कपाटात कुलूपबंद ठेवतात, ती नेसल्यानंच स्वस्त होते.

हा भागाकार दुकानात उभं राहूनही करता येतो. ‘हा मी वर्षात किती वेळा घालीन’ असं स्वतःला विचार आणि जे उत्तर येईल त्याचं निम्मं धर.

आणखी एक आकडा लक्षात ठेव. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यावर जीएसटी ५ टक्के आहे आणि त्यावर किंमत गेली की १८ टक्के. म्हणजे कर लागण्याआधी २,५०० चा ड्रेस २,६२५ ला पडतो आणि २,६०० चा ३,०६८ ला. शंभराच्या फरकाला चारशे त्रेचाळीस मोजायचे का, ते बिल फाडायच्या आधी ठरव.

सणाचा रंग आणि आहेर

वर्षाचा कपड्यांचा खर्च आपल्याकडे सारखा वाहत नाही, सणावारी उसळतो. पाडवा, दिवाळी, लग्नसराई. त्यासाठी वर्षाची रक्कम आधी ठरव आणि तिचे तीन भाग कर: रोजचे कपडे, सणाचे कपडे, दुसऱ्यांना द्यायचे कपडे. तिसरा भाग लोक धरतच नाहीत आणि मग लग्नसराईत घाम फुटतो.

दिवाळीला एक नवं कोरं घ्यावं, माझी ना नाही. घडी मोडण्याचा आनंद आहेच. पण संक्रांतीची काळी साडी वर्षातून एकदा लागते. ती दोघी-तिघी मैत्रिणींत फिरवा. हळदीच्या पिवळ्याचंही तेच. नवरात्राचे नऊ रंग वर्तमानपत्रांनी घरोघरी पोचवले, कुठल्या पोथीत ते सांगितलेले नाहीत. त्यामुळे ओढणी, केसातलं फूल नाहीतर बांगड्या त्या रंगाच्या घातल्या तरी देवी रागवत नाही.

आहेराच्या साड्यांना वेगळं पान कर. कुणाकडून आली, कुठल्या कार्यात आली, हे साडीच्या घडीत चिठ्ठीवर लिहून ठेव. याचे दोन फायदे. एक, ती फुकटची नाही हे लक्षात राहतं, कारण आज ना उद्या तिची परतफेड करायचीच आहे. दुसरा फायदा मोठा: जिनं दिली तिच्याच घरी ती साडी आहेर म्हणून परत जात नाही. या एका चिठ्ठीनं किती नाती वाचली आहेत ते मी पाहिलं आहे.

जुनं घेण्याची लाज कसली?

‘दुसऱ्याचं घालायचं?’ असं तू नाक मुरडशील म्हणून आधीच सांगते. आपल्या घरात प्रत्येकाचं पहिलं वस्त्र जुनंच होतं. आजीच्या मऊ झालेल्या लुगड्याची झबली आणि दुपटी शिवायची, कारण नवं कापड बाळाच्या अंगाला बोचतं. पुढे ताईचा फ्रॉक, दादाचा शर्ट, मामेबहिणीचा परकर. शेवटी सगळ्याची गोधडी. नातलगाचं जुनं आपण मानानं घेतो; परक्याचं म्हटलं की अडखळतो. स्वच्छ धुतलेलं, धड कापड असेल तर ते अडखळणं सोडायला हरकत नाही. मात्र एखाद्या कपड्याबद्दल मनात किंतु आला, तर तो घेऊ नकोस. तो अंगावर येणार नाही, रेघ पडणार नाही, आणि तोच महाग पडेल.

जुनं घ्यायला चांगलं काय? जीन्स, जॅकेट, स्वेटर, ब्लेझर, रेशमी साड्या, आणि लहान मुलांचं बहुतेक सगळं, कारण मुलं कपडा फाडण्याआधी त्यातून मोठी होतात. एका कार्यापुरता घागरा किंवा शेरवानी हवी असेल तर जुनीही घेऊ नकोस, भाड्यानं आण. शाळेच्या गॅदरिंगला लागणारे मावळ्याचे नि वारकऱ्याचे पोशाख नाटकांना कपडे पुरवणाऱ्या ड्रेपरीवाल्याकडे मिळतात.

आतले कपडे, मोजे, पोहण्याचा पोशाख हे मात्र नवेच घ्यायचे. व्यायामाचे ताणणारे कपडे आणि दुसऱ्याच्या पावलाच्या ठशात बसलेले बूटही नकोत. गेलेलं इलॅस्टिक धुऊन परत येत नाही.

सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटापासून सुरुवात कर. तिथे विकणारी बाई जिन्यात भेटते, म्हणून खोटं कमी बोलते. पुण्यात मंगळवार पेठेजवळ रविवार-बुधवारचा जुना बाजार आहे. तिथे डोळे आणि घासाघीस दोन्ही तयार असायला हवीत. ऑनलाइन काही विकायला काढलंस तर एक कायमचं लक्षात ठेव: पैसे घेण्यासाठी क्यूआर स्कॅन करावा लागत नाही आणि पिन तर कधीच टाकावा लागत नाही. तसं सांगणारा गिऱ्हाईक नसतो, चोर असतो.

उजेडात धर, उलटा कर

जुना कपडा कडक इस्त्रीत बघून भुलू नकोस. खळ दिली की झिजलेलं कापडही ताठ उभं राहतं. हातात चुरगळून सोड, मग त्याचं वय कळतं.

आधी उजेडासमोर धर. विरळ जागा, कसरीची भोकं, जुने रफू तिथेच दिसतात. मग उलटा कर. काखेत घामाचा पिवळा डाग, कॉलरच्या घडीवर झीज, पँटीच्या दोन्ही मांड्या जिथे घासतात तिथे पातळपणा, या तीन जागा सोडायच्या नाहीत. चेन तीनदा वर-खाली कर. बटणं मोज, एखादं गेलेलं चालेल, पण वेगळ्याच धाटणीचं असेल तर सगळी बदलायचा खर्च किमतीत धर. आत माया किती सोडली आहे ते बघ. शिंप्याकडून शिवलेल्या जुन्या कपड्यात बोटभर तरी माया असते, म्हणून तो सैल करता येतो. तयार कपड्यात बऱ्याचदा शिवणीच्या कडेला काहीच उरलेलं नसतं. खांदा मोठा असेल तर ठेवून दे. कंबर आणि उंची कोणीही शिंपी बसवून देतो, खांद्याला पूर्ण शर्ट उसवावा लागतो.

लेबलवरच्या मापावर जाऊ नकोस, प्रत्येक कंपनीचं ‘एम’ वेगळं. तुला सगळ्यात छान बसणारा कुर्ता जमिनीवर पसरून खांदा, छाती, बाही, उंची मोज आणि वहीच्या मागच्या पानावर लिही. पर्समध्ये टेप ठेव.

रेशमी साडी घेताना ती पूर्ण उलगडायला लाव. वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिलेलं रेशीम घडीवरच चिरतं, आणि ती चीर निऱ्यांत लपत नाही. हातमागाच्या पैठणीचा पदर मागून बघ. नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी स्वच्छ दिसते. मागे लोंबणारे धागे असतील तर ती यंत्रावरची आहे, त्याप्रमाणे भाव कर. रेशीम खरं का अशी शंका आली आणि विकणारीनं हो म्हटलं, तर काठाचा एक सुटा धागा काढून पेटव. रेशमाला जळक्या केसांचा वास येतो आणि राख बोटांत चुरते. पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो. सुताला जळक्या कागदाचा वास.

भावाचा माझा नियम सांगते: दुकानात आज तो कपडा ज्या दराला मिळतो, त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त देऊ नये, आणि दुरुस्तीचा खर्च त्यातून वजा करावा. छापील किंमत धरायची नाही. ती कुणीच दिलेली नसते.

घरी आणल्यावर कपाटात थेट जाऊ देऊ नकोस. सुती कपडे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळव. लोकर आणि रेशीम सावलीत वाऱ्याला टांग, गरज वाटली तर ड्रायक्लीनला दे. शिवणी आणि खिशांचे कोपरे ढेकणांसाठी तपास. पावसाळ्यात जुनी लोकर आणायचीच नाही, वाळतही नाही आणि वासही जात नाही.

स्वस्ताचाच मोह मोठा

हा कानमंत्र सगळ्यात महत्त्वाचा. जुनं घेणाऱ्या बायकांची कपाटं नवं घेणाऱ्यांपेक्षा जास्त ओसंडतात. दोनशेला जॅकेट मिळालं की हात थांबत नाही. दोनशेची पाच जॅकेटं म्हणजे हजार रुपये, आणि पुण्यातल्या थंडीला एक पुरतं.

म्हणून बाजारात जाताना यादी ने. यादीत तीनच ओळी, त्याही रंग-वापरासकट: ‘काळी पँट, ऑफिसला’, ‘फिका कुर्ता, उन्हाळ्याला’. यादीबाहेरचं कितीही सुंदर दिसलं तरी त्या दिवशी हात लावायचा नाही. पुढच्या खेपेलाही ते आठवलं, तर यादीत लिहायचं. आणि जुना कपडाही वहीत लिहायचा, कारणासकट. शंभर-दोनशेच्या गोष्टी कोण लिहितं, असं म्हणतेस तिथेच गळती सुरू होते.

टाका वेळेवर, निरोप मानानं

कपडा जास्त दिवस चालवणं ही सगळ्यात स्वस्त खरेदी. सुई-दोरा, चार रंगांची रिळं, हुक आणि जुन्या कपड्यांची काढलेली बटणं एका डब्यात ठेव. शिवण उसवली तर धुण्याआधी टाका घाल. धुतल्यावर भोक दुप्पट होतं. रेशमी साड्या मऊ सुती कापडात गुंडाळ, दर काही महिन्यांनी घडी बदल. डांबरगोळ्या साडीवर नुसत्या टाकू नकोस, कापडात बांधून कोपऱ्यात ठेव. वेखंडही चांगलं.

कपडा काढून टाकतानाही वहीत लिही, किती रेघा पडल्या ते बघ. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण दारात आली तर तिच्याशी घासाघीस कर, तो तिचाही धंदाच आहे, पण तिला तुच्छ लेखू नकोस. ती नेते ते कपडे धुऊन, टाके घालून, इस्त्री करून पुन्हा कुणाच्या तरी अंगावर जातात. दिल्लीत रघुबीरनगरला अशा कपड्यांचा मोठा बाजार भरतो. लोकरीचं जुनं पानिपतच्या गिरण्यांत जातं आणि त्याचं सूत काढून ब्लँकेटं विणतात. दान करायचं असेल तर ‘गूंज’ ही संस्था १९९९ पासून कपड्यांवर काम करते. फाटकं-मळकं मात्र कुणालाच द्यायचं नाही. त्याचं फडकं कर. इतकं जाऊनही जे उरेल त्याची गोधडी.

कामाच्या मावशींना काही द्यायचं असेल तर आधी विचार, ‘हे चालेल का?’ धुऊन, बटणं लावून दे. आणि तो कपडा दिवाळीच्या बोनसमधून वजा करू नकोस. बहिणीला दिलंस तर ‘ती माझी साडी’ असं चारचौघांत कधी म्हणू नकोस. दिलं ते दिलं.

वाचलेलं उचलून ठेव

शेवटचं बँकेतल्या मावशीचं. बायका सांगतात, ‘तीन हजारांचा ड्रेस मला आठशेला मिळाला, बावीसशे वाचले.’ मी विचारते, कुठे आहेत? बहुतेक ते हॉटेलात नाहीतर दुसऱ्या ड्रेसमध्ये गेलेले असतात. वर्षाची जी रक्कम तू ठरवली होतीस, त्यातून महिनाअखेर जे उरलं, ते त्याच दिवशी दुसऱ्या खात्यात टाक. पोस्टाचं पाच वर्षांचं आवर्ती खातं महिना शंभर रुपयांपासून उघडतं. पहिल्या वर्षाच्या वहीवरून किती उरतं याचा अंदाज घे आणि तेवढ्याचं उघड. वहीत ‘वाचले’ असा रकाना मी तुला मुद्दाम दिला नाही. वाचलेला पैसा पासबुकात दिसतो.